एकच किडनी, तीन सुया

वय 63. दूध संघाच्या शीतगृहात मेकॅनिक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले, कऱ्हाडकडचे गृहस्थ. डावी किडनी दहा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काढलेली. तेव्हापासून वार्षिक तपासणी त्यांनी कधी चुकवली नाही. यंदाच्या सोनोग्राफीत उरलेल्या उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला 2.7 सेंटिमीटरची घट्ट गाठ दिसली. दुखणे नाही, लघवीत रक्त नाही, वजनही जागच्या जागी. क्रिएटिनीन मात्र 1.8, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम 42 मिलिलिटर. जोडीला मधुमेह, रक्तदाब, चार वर्षांपूर्वी बसवलेला हृदयातला स्टेंट आणि इकोच्या रिपोर्टवर 'पंपिंग 40 टक्के', म्हणजे हृदयाची ताकद उणावलेली.

हा कुणा एका रुग्णाचा केस पेपर नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत जे प्रश्न खरोखर पुढे येतात ते शिकवण्याच्या सोयीसाठी एका माणसाभोवती गुंफले आहेत. त्यामुळे माणूस रचलेला असला तरी त्याच्यापुढची अडचण रचलेली नाही.

एमआरआयमध्ये गाठीची जागा नीट कळली. गाठ किडनीच्या पुढच्या अंगाला होती आणि निम्म्याहून अधिक बाहेर डोकावत होती. यकृताखाली मोठे आतडे जिथे वळते तो भाग गाठीपासून अवघ्या 4 मिलिमीटरवर. आतल्या बाजूला किडनीतून लघवी खाली नेणारी नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, 7 मिलिमीटरवर. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढचे सगळे डावपेच यांच्याभोवतीच फिरतात.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या बैठकीत, चार पर्याय मांडले गेले. गाठीसकट किडनी काढणे हा पहिला, आणि त्याचा अर्थ त्याच आठवड्यापासून डायलिसिस. तो बाजूला पडायला वेळ लागला नाही.

दुसरा पर्याय गाठ तेवढी कापून किडनी शिवण्याचा. 4 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी आजही हाच सर्वाधिक खात्रीचा उपचार मानतात आणि एकुलत्या किडनीवरही तो केला जातो. हे मुद्दाम सांगतो, कारण सुईच्या उपचारांवर लिहिताना शस्त्रक्रियेला खलनायक करायची खोड आपल्याकडे फार. इथे अडचण वेगळी होती. कापताना रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून किडनीची धमनी चिमट्याने बंद करावी लागते. किडनी असा रक्ताविना काळ साधारण 25-30 मिनिटे सोसते. निरोगी माणसात दुसरी किडनी तेवढ्यापुरती गाडा ओढते, इथे दुसरी नव्हतीच आणि होती ती निम्म्या ताकदीची. त्यात 40 टक्के पंपिंगवर तीन तासांची पूर्ण भूल द्यायची म्हटल्यावर भूलतज्ज्ञांनी 'देता येईल, पण' असे म्हटले. त्या 'पण'ला बोर्डात वजन असते.

तिसरा पर्याय काहीच न करता लक्ष ठेवण्याचा. नातेवाइकांना हा ऐकवत नाही, पण तो रास्त आहे. किडनीतल्या अशा लहान गाठी सरासरी वर्षाला तीनेक मिलिमीटरने वाढतात आणि 3 सेंटिमीटरच्या आतली गाठ शरीरात इतरत्र पसरल्याचे क्वचितच दिसते. रुग्ण ऐंशीचा असता तर माझे मत याच बाजूला पडले असते. हे गृहस्थ त्रेसष्टचे, एकदा याच रोगातून गेलेले, आणि गाठ आणखी वाढून आत सरकली असती तर सुईची वाट बंद होण्याची भीती होती.

म्हणून चौथा पर्याय निवडला: त्वचेतून सुई घालून, सीटी स्कॅनवर पाहत, गाठ जागच्या जागी मारायची. 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत तो सर्वांत चांगला चालतो. शस्त्रक्रियेच्या तुलनेत त्याच जागी रोग उरण्याची शक्यता थोडी जास्त असते आणि पुन्हा सुई घालावी लागू शकते. हे संमतीपत्रावर लिहिले होते आणि तोंडीही सांगितले होते. लेकीने विचारले, "मग उरलं तर किमो द्याल का?" किडनीच्या या कॅन्सरवर नेहमीच्या किमोथेरपीचा जवळजवळ उपयोग होत नाही. उरलेच, तर पुन्हा सुई किंवा शस्त्रक्रिया, असे तिला सांगण्यात आले.

मग बायोप्सीवरून घरात अडले. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही समजूत गावोगाव इतकी पक्की आहे की त्यांचे थोरले भाऊ त्यासाठी कऱ्हाडहून आले. "गाठीला छेडू नये म्हणतात," एवढेच ते म्हणत राहिले. बायोप्सीची सुई आधी घातलेल्या एका बाहेरच्या पोकळ सुईतून आत-बाहेर करते, त्यामुळे तुकडा काढताना वाटेतल्या मांसाला तो लागत नाही. सुईच्या मार्गावर पेशी रुजल्याची उदाहरणे किडनीत अत्यंत विरळ आहेत. पण मला वाटते भाऊंना पटले ते दुसऱ्याच गोष्टीने: 4 सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जाते. सुईच्या उपचारात गाठ आतच मरते, मागाहून तपासायला काही उरत नाही. तेव्हा जे कळायचे ते आधीच कळून घ्यावे लागते. रिपोर्ट आला: क्लिअर सेल कार्सिनोमा, ग्रेड 2. म्हणजे किडनीचा कॅन्सरच. पेशी दहा वर्षांपूर्वीच्याच जातीच्या.

आता गाठ मारायची कशाने? आपल्याकडे सर्रास चालतो तो उष्णतेचा मार्ग. रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हच्या सुईने मांस 60 अंशांवर नेले की पेशी तत्क्षणी मरतात. यंत्र पुष्कळ ठिकाणी आहे, सुई स्वस्त पडते, काम झटपट होते. यकृताच्या गाठींत मी स्वतः याच बाजूचा. पण उष्णता कुठवर पोचली हे त्या क्षणी सीटीवर नेमके दिसत नाही, आणि मूत्रवाहिनी भाजली तर ती आकसते. एकुलत्या किडनीची एकुलती नळी आकसणे म्हणजे किडनी वाचवून गमावणे.

गोठवण्याच्या उपचारात, म्हणजे क्रायोअ‍ॅब्लेशनमध्ये, बर्फाचा गोळा सीटीवर स्पष्ट दिसतो. किडनीच्या राखाडी मांसात तो गडद, रेखीव कडेचा उमटतो आणि मिनिटागणिक वाढताना पाहता येतो. वेदनाही कमी, त्यामुळे पूर्ण भूल टाळून गुंगीच्या औषधावर निभावण्याजोगे. तोटे असे की रक्तस्राव थोडा अधिक होतो, वेळ जास्त लागतो, आणि गोठवण्यासाठी लागणाऱ्या आर्गॉन वायूचे सिलिंडर, त्याचे यंत्र, एकदाच वापरायच्या महागड्या सुया हे सारे मोजक्याच केंद्रांत मिळते. खर्चाचा मुद्दा किरकोळ समजू नये. याच रुग्णाची गाठ मागच्या अंगाला, आतड्यापासून आणि नळीपासून दूर असती, तर मायक्रोवेव्ह सुचवणे हाच प्रामाणिक सल्ला ठरला असता.

सुई गार कशी पडते हे समजावताना एरवी डॉक्टर डिओच्या डब्याचे उदाहरण देतात: फवारा मारला की डबा हाताला गार लागतो. इथे त्याची गरज पडली नाही. अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर उभी हयात गेलेल्या माणसाला, दाबातला वायू बारीक छिद्रातून सुटला की थंड होतो, हे सांगायचे काय! सुईच्या टोकाशी आर्गॉन असाच प्रसरण पावतो, टोक उणे 140 अंशांच्याही खाली जाते आणि वायू आतल्याआत परत फिरून बाहेर येतो. शरीरात तो शिरत नाही. त्यांचा प्रश्न पुढचा होता. "गार तुम्ही गॅसनं केलं, मग वितळवायला काय?" उत्तर हेलियम. खोलीच्या तापमानाला हेलियम प्रसरण पावला तर उलट तापतो. हे त्यांना नवीन होते आणि वॉर्डात ते बराच वेळ इतरांना समजावून सांगत होते. (हल्लीच्या काही सुयांत हेलियमऐवजी विजेने ऊब देतात.)

थंडीने गाठी मारण्याची कल्पना जुनी आहे. जेम्स आर्नट या ब्रिटिश डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मीठ आणि बर्फाचे मिश्रण वापरून वरवरच्या गाठींवर हा प्रयोग केला होता. शरीराच्या आत नेमक्या जागी थंडी पोचवणे आणि ती कुठे थांबली ते पाहणे, हे जमायला मात्र आर्गॉनची बारीक सुई आणि सीटी, सोनोग्राफी, एमआरआय यावे लागले.

क्लोपिडोग्रेल, म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून घेतली जाणारी गोळी, पाच दिवस बंद ठेवायचे होते. ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, लेखी घेऊन मगच केले. स्टेंटच्या रुग्णाने ही गोळी मनाने थांबवणे धोक्याचे, आणि न थांबवता किडनीत सुई घालणेही धोक्याचे. रक्त नीट गोठते का हे सांगणाऱ्या तपासण्या, आयएनआर आणि प्लेटलेट्स, ठीक होत्या. आदल्या संध्याकाळी निवासी डॉक्टरने श्वासाचा सराव करून घेतला. किडनी श्वासाबरोबर दोन-तीन सेंटिमीटर वरखाली होते, आणि गाठच 2.7 सेंटिमीटरची. "काका, नेहमीसारखा श्वास सोडा... आता थांबा." काका थांबले ते इतके की डॉक्टरलाच "घ्या आता" म्हणावे लागले. दर वेळी श्वास त्याच उंचीवर थांबला तर सुईला गाठ त्याच जागी सापडते. छोटीशी गोष्ट, पण ती जमली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी युरोलॉजिस्टने दुर्बिणीतून मूत्रवाहिनीत एक बारीक नळी सरकवून ठेवली. गोठवताना त्यातून कोमट सलाइन सोडायचे, म्हणजे आसपास बर्फ झाला तरी नळीची भिंत उबदार राहते. मग त्यांना सीटीच्या टेबलावर अर्धवट पालथे झोपवले. कुशी बदलली की आतडे सरकते, म्हणून आधी दोन-तीन स्थितींत स्कॅन करून पाहिले. आतड्याने 4 चे 6 मिलिमीटर केले, त्यापुढे हटले नाही.

त्याला हटवायला पाणी लागले. एक बारीक सुई आतडे आणि किडनी यांच्यामधल्या चरबीत नेऊन तिथे हळूहळू सलाइन भरत गेले. सलाइनमध्ये पन्नासास एक या प्रमाणात कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर उठून दिसणारे औषध) मिसळलेले, म्हणजे सीटीवर ते पांढरे दिसते आणि पाणी कुठे संपले, आतडे कुठे सुरू झाले हा गोंधळ राहत नाही. (रेडिओफ्रीक्वेन्सी असती तर सलाइन चालले नसते, त्यातून वीज वाहते. तिथे 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे पाणी, भरतात.) पहिल्या 150 मिलिलिटरनी काहीच झाले नाही. पाणी भलत्या थरात, किडनीच्या मागे जात होते. सुई तीन मिलिमीटर पुढे नेऊन थोडी वळवली आणि पुढच्या स्कॅनमध्ये आतडे आणि किडनी यांच्यात पांढरी पट्टी उमटली. एकूण 400 मिलिलिटर गेले, अंतर 22 मिलिमीटर झाले. या एकाच कामात पाऊण तास गेला. बाहेर बसलेल्या लेकीला वाटत होते आत गाठ गोठवणे चालले आहे. गोठवण्याची सुई अजून पाकिटातूनही काढली नव्हती.

क्रायोची प्रत्येक सुई वापरण्याआधी निर्जंतुक सलाइनच्या वाटीत बुडवून चालू करतात. टोकाशी बर्फ धरला पाहिजे आणि बुडबुडे येता कामा नयेत. बुडबुडे म्हणजे वायूची गळती. तिन्ही सुया पारखून झाल्या. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. गाठीच्या कडेपासून प्रत्येक सुई साधारण अर्धा सेंटिमीटर आत आणि दोन सुयांमध्ये दीड सेंटिमीटर अंतर, अशी त्रिकोणात बसवली. दर दोन-तीन मिलिमीटरला स्कॅन, दर स्कॅनला "श्वास सोडा, थांबा".

मग 10 मिनिटे गोठवणे, 8 मिनिटे वितळू देणे, पुन्हा 10 मिनिटे गोठवणे. दोनदा कशासाठी? पहिल्या फेरीत पेशींबाहेरचे पाणी गोठून आतले पाणी ओढून घेते आणि सुईजवळच्या पेशींच्या आतही बर्फ होतो. वितळताना पेशी फुगून फुटतात, बारीक रक्तवाहिन्या रक्ताच्या गुठळ्यांनी बंद पडतात. दुसऱ्या फेरीत थंडी अधिक वेगाने आणि अधिक दूर पोचते. डोळ्यांना दिसणारी बर्फाची कड ही शून्य अंशाची कड असते, आणि शून्याला कॅन्सरची पेशी मरत नाही. त्यासाठी उणे 20 ते उणे 40 लागते. म्हणून बर्फ गाठीच्या पलीकडे निदान 5 मिलिमीटर जायला हवा.

तीन बाजूंना तो 7-8 मिलिमीटर गेला. आतल्या बाजूला, मूत्रवाहिनीकडे, 3 मिलिमीटरवरच अडला. कोमट सलाइन आपले काम चोख करत होते. तिथे थांबायचे की आणखी दोन मिनिटे ढकलायचे? टीम थांबली, आणि 'आतली कड 3 मिमी' असे अहवालात लिहिले. मला हा निर्णय बरोबर वाटतो. त्याहून बरोबर वाटते ते तो लिहून ठेवणे.

गोठलेली सुई मांसात घट्ट बसते. घाईने ओढली तर बर्फाला तडा जाऊन किडनी फाटते. सुया सैल होईपर्यंत वाट पाहण्यात पुन्हा काही मिनिटे गेली. शेवटच्या स्कॅनमध्ये किडनीभोवती रक्ताची पातळ चकती दिसली, पंधरा मिनिटांनी ती तेवढीच होती. टेबलावर एकूण पावणेतीन तास, त्यातली गोठवण्याची वीस मिनिटे.

रात्री लघवी गुलाबी झाली, सकाळपर्यंत निवळली. क्रिएटिनीन दुसऱ्या दिवशी 2.0, महिन्याने 1.9. कुशीला तीन बारीक ठिपके. तिसऱ्या दिवशी ते घरी गेले आणि आठवड्याच्या आत गोठ्यात कामाला लागले. जड न उचलण्याची सूचना त्यांनी आपल्या सोयीने समजून घेतली होती.

तीन महिन्यांनी एमआरआय. क्रायो झालेला भाग सुरुवातीला मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो आणि नातेवाईक रिपोर्टमधला आकडा वाचून घाबरतात. आकार इथे महत्त्वाचा नाही. कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्या भागात रक्त पोचते का, एवढेच पाहायचे. मेलेल्या भागात ते पोचत नाही. कडेने सर्वत्र सारखी पातळ रेघ दिसली तर ती बरे होण्याची खूण, पण एखाद्या ठिकाणी गाठीसारखा ठिपका उजळला तर संशय घ्यायचा. इथे बाकी सगळा भाग काळा होता आणि आतल्या बाजूला, अहवालात 3 मिलिमीटर लिहिलेल्या नेमक्या त्याच जागी, 6 मिलिमीटरचा ठिपका उजळला.

म्हणजे रोग परत आला नव्हता, उरला होता. दोन्हींत फरक आहे आणि तो रुग्णाला समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. "आधीच का नाही संपवलं?" हा लेकीचा प्रश्न रागाचा होता आणि तिच्या जागी कुणीही तो विचारला असता. उत्तर एमआरआयच्याच चित्रात होते: उजळलेल्या ठिपक्याशेजारून जाणारी मूत्रवाहिनी, कुठेही न आकसलेली.

दुसऱ्या खेपेस डाव बदलला. पहिल्यांदा पाणी फक्त आतड्याच्या बाजूला भरले होते. या वेळी दुसऱ्या कोनातून सुई नेऊन मूत्रवाहिनी आणि किडनी यांच्यामध्येच पाणी सोडले आणि नळी सेंटिमीटरभर बाजूला सारली. आत कोमट सलाइन चालू होतेच. क्रायोची एकच सुई लागली आणि बर्फ ठिपक्याच्या पलीकडे 6 मिलिमीटर गेला. हेच पहिल्यांदा का केले नाही, असे पुन्हा विचारता येईल. नळी मूत्रपिंडाच्या इतक्या जवळून सुईने सरकवण्यात तिलाच टोचण्याचा धोका असतो. गाठीच्या कडेवर 3 मिलिमीटर पुरतील अशी शक्यता असताना तो धोका न पत्करणे मला चूक वाटत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सुई घालावी लागू शकेल हे धरूनच पहिली खेप आखलेली असते. शस्त्रक्रियेला ही मुभा क्वचितच असते.

वर्षाअखेरच्या एमआरआयमध्ये उजळणारे काही नव्हते आणि काळा भाग आक्रसून निम्मा झाला होता. क्रिएटिनीन 1.9. डायलिसिसचा विषय निघाला नाही. हा रोग पसरला तर आधी बहुधा फुप्फुसात दिसतो, म्हणून छातीचाही स्कॅन केला; तो स्वच्छ आला. त्यांनी विचारले, "आता बंद करायचं का दर वर्षाचं?" बंद करायचे नाही. ज्या माणसाच्या दोन्ही किडन्यांत दहा वर्षांच्या अंतराने गाठ झाली, त्याच्या उरलेल्या मांसात तिसरी होणार नाही अशी हमी कुणी देत नाही. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची, येताना जुने सगळे स्कॅन सीडीवर आणायचे, आणि दरम्यान कुठल्याही गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक किंवा तसली वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. ही शेवटची सूचना लेकीने वहीत दोनदा अधोरेखित केली, कारण गोठ्यातल्या कामानंतर ती गोळी मेडिकलमधून कोण आणतो हे तिला ठाऊक होते.